मास्तरांच्या कॉम्प्यूटरची शिळी तारीख

शिलाई मशीनखाली चिंध्या कशा साठतात ते मला विचारा. मी घरी फॉल-पिको करते. रोज केर काढते, तरी महिन्याभरात एक उशी भरेल एवढ्या निघतात. शेजाऱ्यांच्या गोष्टींचंही तसंच आहे. मी काही गोळा करायला जात नाही हो! खिडकी उघडी असते, कान जागेवर असतात, आणि आमच्या लष्कर मोहल्ल्यात भिंती म्हणजे नुसत्या नावाला. आता एवढ्या साठल्यात की एक उशी शिवूनच टाकावी म्हटलं. ही उशी खंडेराव मास्तरांच्या घरची.

खंडेराव मास्तर आमच्या लगतच्या घरातले. हायस्कुलात ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले, वय चौऱ्याहत्तर. आमच्यासारखेच इथले जुने मराठे. पणजोबा मैसूरच्या राजाच्या लष्करात होते म्हणे. नातवंडांना वांग्याला मराठीत काय म्हणतात ते आठवावं लागतं. मास्तरांची खोड एकच. ‘होत नाही’ हे दोन शब्द त्यांना ऐकूच येत नाहीत. कान उत्तम आहेत, सुनेनं तपासून आणलेत!

*

आता माझी खोड. ती आधीच सांगितलेली बरी, कारण पुढे नडणार आहे.

मला शिळी तारीख बघवत नाही. कुणाच्याही घरी गेले आणि रोज पान फाडायच्या कॅलेंडरवर कालचा दिवस लटकताना दिसला, की माझा हात आपोआप वर जातो. आमची आई म्हणायची, “शिळा भात फोडणीला तरी घालता येतो, शिळी तारीख कशात घालशील?”

एकदा अशीच मास्तरांकडे कॉफीला गेले आणि जाता जाता सवयीनं, न बघताच पान फाडलं. मला काय ठाऊक, मास्तरांनी सकाळी उठल्या उठल्या फाडलं होतं! झालं, त्यांच्या घरात एक दिवस आधीच उजाडला. दुपारी मास्तरांनी एका लग्नाची पत्रिका बघितली, कॅलेंडर बघितलं, इस्त्रीचा कोट चढवला आणि बोगादीच्या हॉलवर मुहूर्ताला हजर! तिथे ना नवरी, ना नवरा. चार आचारी काकड्या चिरत बसलेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा मी दाराआडच उभी होते. वाटलं, आता ऐकावं लागणार. मास्तर कोट काढत म्हणाले,

“कमळाबाई, मुलगी कशी आहे ते बघायचं राहिलं. पण सांबार फर्स्टक्लास! उद्या परत जातो.”

*

मास्तरांचे थोरले भाऊ बापूराव. आता ते नाहीत. घर एकच, पण मधे भिंत घातलेली. त्या भिंतीत खिडकी ठेवायची की नाही, यावरून दोघांचं बिनसलं आणि शेवटची चार वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. आई धाकट्याच्या, म्हणजे मास्तरांच्या बाजूला. पाण्याचा बंब मात्र सामाईक. मग बोलायचं कुणी? मी आहे की!

सकाळी सहाला बापूराव अंगणात येऊन हाक मारायचे, “कमळे, धाकट्याला विचार, पाणी तापलं का?”

धाकटा तीन हातांवर उभा. तो माझ्याकडे बघून म्हणायचा, “तापलंय म्हणून सांग.”

मी तोंड उघडेपर्यंत बापूराव बादली घेऊन निघालेले! धाकट्याला विचार, पेपर आला का. धाकट्याला विचार, आईनं गोळी घेतली का. दिवसातून वीस वेळा. माझं काम काय, तर मधे उभं राहायचं. कधी कधी दात घासताना उभी असायचे.

एकदा मी आठ दिवस माहेरी गेले. परत आले तर दोघांनाही सर्दी! आठ दिवस दोघंही थंड पाण्यानं अंघोळ करत होते. विचारायला कुणी नव्हतं ना!

*

मास्तरांची नात रश्मी. बोगादीत आईवडिलांकडे राहते, मोठ्या ऑफिसात नोकरी करते. तिनं तिथलाच किरण पसंत केला. मुलगा सरगूरचा, आणि निघाला आपल्यातलाच. इतकं न मागता जमलं म्हणून सगळे खूश. तोवर सरगूरहून किरणच्या आजी आल्या.

आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या. तोंडात दात नाही, पण चकली कॉफीत बुडवून संपवली आणि पदरानं तोंड पुसून विचारलं, “तुमचं देवक कोणतं?”

करंट जावा तसं घर गप्प झालं.

देवक म्हणजे घराण्याचं झाड. लग्नात त्याची डहाळी मांडवाच्या खांबाला बांधायची. दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर मुलगा-मुलगी भावंडं, लग्न होत नाही. पण इथे मैसुरात कुणाला आठवतंय? आमच्या भटजींनी कधीचीच सोय करून ठेवली आहे. पाच झाडांची पानं एकत्र बांधायची, त्यात ज्याचं असेल त्याचं येतं. स्वल्प अडजस्ट माडी, म्हणजे थोडं चालवून घ्या!

रश्मी म्हणाली, “देवक अंदरे एनु, म्हणजे काय, आजी? ब्लड ग्रुपसारखं असतं?”

“तसंच समज,” आजी म्हणाल्या. “पण रक्त दुसऱ्याचं चढवता येतं. देवक येत नाही.”

रश्मीच्या आईनं हळूच विचारलं, “तुमचं कोणतं, आजी?”

“ते मी आधी सांगितलं तर तुम्ही दुसरंच सांगाल! मी म्हातारी आहे, मूर्ख नाही. पंधरा दिवसांनी येते. तुमचं सांगा, मग आमचं सांगते. एकच निघालं तर राखी आणून ठेवा.”

रश्मी उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले, पाणी प्यायच्या निमित्तानं. पोरगी सिंकचा नळ सोडून उभी होती, आवाज कळू नये म्हणून. मास्तर दारात आले. तिनं आजोबांना एवढंच म्हटलं, “ताता, कसंही करून हुडका ना.”

मास्तर म्हणाले, “हुडकायचं काय त्यात? सीडीत आहे!”

*

सीडीची गोष्ट अशी. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आपल्या मंडळानं इथल्या मराठ्यांच्या सगळ्या घराण्यांची वंशावळ एका सीडीत भरली होती. घरोघर फिरून माहिती आणली बापूरावांनी. मूळ गाव, कुलदैवत, देवक, सगळं. झाडाचं चित्र काढलं मास्तरांनी. दोघं बोलत नव्हते, तरी चित्र आणि मजकूर बरोबर बसले. कागद माझ्या हातून जात-येत होते, त्यामुळे मीसुद्धा त्या सीडीत आहे असं मी समजते.

सीडी घरोघर वाटली होती. आमच्याकडेही होती. मी हौसेनं काढायला गेले तर मिळाली ती गच्चीत, दोरीला टांगलेली! कबुतरं येऊ नयेत म्हणून आमच्या ह्यांनी बांधली होती. उन्हानं तिचा पापड झालेला. मग मी अख्खा मोहल्ला पालथा घातला. सात घरांत विचारलं. सातही घरांची वंशावळ कबुतरं हाकलत होती!

मंडळात मूळ कागद विचारले, तर ते वाळवीनं खाल्लेले. शेवटी चांगली सीडी राहिली एकच, मास्तरांच्या ट्रंकेतली. ती घेऊन मास्तर नव्या कॉम्प्यूटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “सर, नव्या मशीनला सीडीची खाचच नसते. तुमच्याकडे कबुतरं नाहीत का?”

मास्तर घरी आले आणि त्यांनी बापूरावांच्या जुन्या कॉम्प्यूटरवरचं कव्हर काढलं.

*

तो कॉम्प्यूटर म्हणजे दोन माणसांनी उचलायचा टीव्ही. पण चालू झाला! सीडी आत गेली, गुरगुरली, आणि पडद्यावर इंग्रजीत एक करडी पाटी आली. मास्तरांनी चष्मा पुसून मोठ्यानं भाषांतर केलं,

“सुरक्षेच्या कारणासाठी हा प्लग-इन बंद केलेला आहे.”

मग माझ्याकडे वळले. “माझं घर. माझी सीडी. चित्र मी काढलेलं. सुरक्षा कुणापासून, माझ्यापासून?”

मी सातवी शिकलेय. मला ‘प्लग’ तेवढं कळलं. धावत घरी गेले, नवा तीन पिनांचा प्लग, टेस्टर आणि ह्यांना घेऊन आले. ह्यांनी खाली बसून वायर बदलून दिली. पाटी होती तशीच! आमचे हे म्हणाले, “निदान आता शॉक तरी लागणार नाही. तीसुद्धा सुरक्षाच.”

रश्मीनं बोगादीहून फोनवर सांगितलं. हा प्लग-इन म्हणजे कॉम्प्यूटरमधलाच एक छोटा प्रोग्रॅम. तो असेल तर सीडीतली चित्रं हलतात, उघडतात. जुना झाला, त्यातून व्हायरस शिरतो म्हणून बंद केलाय. मग तिनं विचारलं, “ताता, खाली कोपऱ्यात तारीख बरोबर आहे का? तारीख चुकली तरी पुष्कळ गोष्टी उघडत नाहीत.”

मी वाकून बघितलं. अय्यो रामा! पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची तारीख! एवढी शिळी तारीख मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. अंगावर काटाच आला. रश्मीकडून फोनवर शिकून घेतलं. कोपऱ्यावर दोनदा टिचकी, इथे महिना, इथे वर्ष, ओके. आयतु, झालं काम!

पाटी काही गेली नाही. पण दुसऱ्या दिवशी मशीन लावलं तर तारीख परत शिळी! म्हटलं, मास्तर, ह्याची काळजी तुम्ही करू नका. हे खातं माझं. त्या दिवसापासून रोज दहाच्या कॉफीला गेले की आधी मशीनची तारीख ताजी करायची, मग भिंतीवरची बघायची. कॉम्प्यूटर येत नाही असं मला आता कुणी म्हणू नये.

*

मास्तरांनी मात्र हट्ट सोडला नाही. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर त्यांनी त्या पाटीचं पेन्सिलनं चित्र काढलं, शेडिंगसकट, आणि खाली प्रत्येक प्रयत्नाची एकेक ओळ. प्रयत्न पहिला: सेटिंगमध्ये ‘परवानगी द्या’ केलं. उपयोग नाही. प्रयत्न चौथा: सुरक्षेची पट्टी खाली ओढली. उपयोग नाही. प्रयत्न नववा: प्लग-इन काढून जुन्या डिस्कवरून परत घातला. उपयोग नाही.

दहाव्याला नागराजप्पा आला. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्यूटर. केस पांढरे झाले पण स्क्रू-ड्रायव्हर तोच. पाटी बघितली आणि हात जोडले.

“इदु आगल्ल, मेष्ट्रे. होत नाही हे.”

मास्तर म्हणाले, “साखर किती घालू कॉफीत?”

“मेष्ट्रे, कंपनीनंच बंद केलंय. चोर शिरतो त्यातून.”

“शिरू दे. आला तर त्यालाही देवक विचारून घेऊ. साखर किती?”

नागराजप्पानं माझ्याकडे बघितलं, उसासा सोडला आणि म्हणाला, “दोन चमचे.” त्यानंतर तो चार दिवस रोज येत होता.

चौदाव्या दिवशी रश्मी ऑफिसातून थेट आली. कागदावरचे प्रयत्न बोटानं मोजले. म्हणाली, “ताता, सोडून द्या. काही तरी सांगून टाकू.”

“खोटं?”

तिनं कागदावरचं बोट उचललं.

मास्तरांनी पेन्सिलीला टोक केलं. “तुझा थोरला आजोबा उन्हातान्हात घरोघर फिरला आहे. त्यानं लिहून ठेवलंय. ते वाचल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.” आणि खाली लिहिलं: प्रयत्न सोळावा.

*

पंधराव्या दिवशी अकराला आजी आल्या. किरण बरोबर होता. रश्मी, तिचे आईवडील, नागराजप्पा, सगळे त्या टीव्हीएवढ्या कॉम्प्यूटरसमोर अर्धगोल करून बसले. मी दहालाच येऊन तारीख ताजी करून ठेवली होती. म्हटलं, पाहुण्यांसमोर आपल्या मोहल्ल्याची लाज जायला नको.

मास्तरांनी सीडी लावली. पाटी आली. ‘सुरक्षेच्या कारणासाठी...’ मास्तरांनी सेटिंग उघडलं, बंद केलं, परत लावलं. परत पाटी. रश्मी नखं बघत होती, किरण रश्मीकडे बघत होता. आजी म्हणाल्या, “मास्तर, राखी आणली का?”

आणि करंट गेला!

पाच मिनिटांनी परत आला. पंखा फिरायला लागला तसं मास्तरांनी बटण दाबलं. मशीन घुरघुरत उठलं. माझं लक्ष कोपऱ्याकडे. परत तीच शिळी तारीख! मी पदर खोचून माऊसकडे हात नेला, तर आजींनी माझं मनगट धरलं. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, पण पकड कशी, पकडीसारखी!

“तू थांब ग. बघावं तेव्हा मधेमधे. आधी देवक बघू दे.”

मास्तरांनी टिचकी मारली. सीडी गुरगुरली. मी पाटीची वाट बघत होते. पाटी आली नाही. पडद्यावर खालून वर एक झाड उगवायला लागलं. मास्तरांच्या हातचं झाड, फांदी फांदी, पान पान, आणि प्रत्येक पानावर एका घराण्याचं नाव!

रश्मी किंचाळलीच. नागराजप्पा मात्र पुढे वाकला, कोपऱ्यातली तारीख बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला.

“मेष्ट्रे! आतला सेल मेलाय ह्याचा. बंद झालं की मशीन जुन्या वर्षात जातं. त्या वर्षी हा प्लग-इन चालू होता, म्हणून उघडला. आजची तारीख दाखवली की म्हणतं, मुदत संपली, बंद! पहिल्या दिवशी सेटिंगनं अडवलं होतं, ते तुम्ही मोकळं केलंत; पुढे अडवलं ते तारखेनं. रोज तारीख कोण बदलत होतं?”

सगळे नुसते माझ्याकडे वळले. नागराजप्पासुद्धा.

मी म्हटलं, “शिळी होती म्हणून...”

मास्तर शांतपणे म्हणाले, “पंधरा दिवस मी सुरक्षेचं कारण शोधतोय. ते रोज दहा वाजता कॉफीला येत होतं!”

हसणं ओसरल्यावर मास्तरांनी आपल्या घराण्याच्या पानावर बाण नेला. पान उलगडलं. मूळ गाव, लिहिलेलं. कुलदैवत, लिहिलेलं. पणजोबा, आजोबा, सगळ्यांची नावं. बापूरावांनी एक काना-मात्रा चुकवली नव्हती. सगळ्यात खाली देवक. रश्मीनं एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं,

“देवक... धाकट्याला... विचारणे.”

बंबाजवळ बादली घेऊन कुणी उभं असावं असं वाटलं. मास्तरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ नुसतेच पुसत बसले. रश्मीनं बापाकडे बघितलं, बापानं जमिनीकडे. धाकट्याला ठाऊक असतं तर सीडी कशाला लावली असती!

आजींनी विचारलं, “धाकटा कोण?”

“मी,” मास्तर म्हणाले.

“मग विचारा की कुणी तरी त्याला! एवढं लिहून ठेवलंय बिचाऱ्यानं.” आजी स्वतःच खुर्ची पुढे ओढून बसल्या. “बोला धाकटे. देवक कोणतं?”

मास्तरांनी चष्मा लावला. पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघितलं, मग रश्मीकडे बघितलं.

“आधी तुमचं सांगा, आजी.”

वाटलं, आता उठतात आजी आणि चालू लागतात! आजींनी किरणकडे बघितलं. त्याचा हात खुर्चीआडून रश्मीच्या हातात होता. मला दिसत होता म्हणजे त्यांनाही दिसत असणार. मग त्या पडद्यावरच्या झाडाकडे बघत राहिल्या.

“कळंब,” आजी म्हणाल्या.

“मग आमचं कळंब नाही,” मास्तर म्हणाले.

आजींनी पुढ्यातली चकली उचलली, कॉफीत बुडवली, सावकाश खाल्ली.

“बरं तर,” त्या म्हणाल्या. “पण कोणतं आहे, तेवढं त्यात लिहून ठेवा. पुढच्या पोराबाळांना अडायला नको.”

मास्तरांनी कॉम्प्यूटरचं बटण बंद केलं आणि त्यावर कव्हर घातलं.

“लिहिता येत नाही, आजी. सुरक्षेच्या कारणासाठी बंद आहे!”